डिझाइनची पदव्युत्तर पदवी : कोणीं घ्यावी व कां?

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुटींत एके सायंकाळीं एक गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन आमच्या घरीं आले. गृहस्थ एस्. टी. मध्यें वाहक, कन्या आमचीच जुनी विद्यार्थिनी. यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन ती दीड वर्ष एका कारखान्यांत नोकरी करीत होती, आणि घरासाठीं काढलेल्या कर्जाचे हप्ते फेडण्यास तिच्या पगाराचा मोठा आधार झाला होता. चहा झाल्यावर गृहस्थांनीं मनांतील गोष्ट बोलून दाखविली. "सर, ही तुमचं ऐकते म्हणून घेऊन आलो. चांगली नोकरी सोडून दोन वर्षं डिझाइन शिकायला जायचं म्हणते. परीक्षा पास झालीय, जागाही मिळालीय. पण इंजिनियर झालेल्या पोरीनं पुन्हां चित्रं काढत बसायचं, हे बरं का? तुम्हीच सांगा."

आम्हांस त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. डिझाइन म्हणजे साडीचा कांठ, लग्नपत्रिकेवरील वेलबुट्टी किंवा दुकानाची पाटी, एवढाच आमचाही समज होता. आम्ही घोटाळलों आहों हें पाहून मुलगी शांतपणें म्हणाली, "सर, दहावीत आमचा चित्रकलेचा तास तुम्ही बीजगणितासाठी मागून घेतला होतात. तेव्हां वाईट वाटलं. पण बीजगणित कामालाच आलं. आतां तो राहिलेला तास पुरा करायचा आहे, इतकंच."

तिच्या बोलण्यांत रोष नव्हता; म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें. त्या रात्रीपासून आम्हीं या विषयाची चौकशी आरंभिली. कांहीं वाचलें, जाणत्यांस विचारलें, व त्या मुलीकडून वेळोवेळीं माहिती घेतली. त्यावरून आमचें जें मत बनलें, तें पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें मांडावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम डिझाइन म्हणजे काय, तें पाहूं. आमच्या मातोश्रींस रोज तीन प्रकारच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांतील एका बाटलीचें झांकण असें आहे कीं, तें दाबून फिरविल्यावांचून निघत नाहीं. लहान मुलाच्या हातीं औषध लागूं नये म्हणून ही योजना केलेली, योजना उत्तमच. परंतु संधिवातानें आंखडलेल्या सत्तर वर्षांच्या बोटांसही तें झांकण उघडत नाहीं. मुलास अडवावें पण आजीस अडवूं नये, असें झांकण कसें करावें? हा प्रश्न केवळ चित्रकाराचा नव्हे, केवळ यंत्रज्ञाचा नव्हे व केवळ वैद्याचाही नव्हे. तो या तिघांच्या मधल्या जागेंतला आहे. त्या मधल्या जागेंत उभें राहून, वस्तु वापरणाऱ्या माणसाकडे पाहत पाहत वस्तूस आकार देणें, याचें नांव डिझाइन. शोभा हा त्याचा एक अंश आहे. तें त्याचें सर्वस्व नाहीं.

आणखी एक उदाहरण घ्या. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स हें अमेरिकन दांपत्य आपल्या देशांत फिरलें व १९५८ सालीं त्यांनीं सरकारास एक अहवाल सादर केला. एवढ्या मोठ्या देशांत त्यांनीं अधिक वाखाणली ती वस्तु कोणती? आपल्या स्वयंपाकघरांतील साधा लोटा! त्यांत पाणी किती मावावें, तो डोक्यावर वा कमरेवर कसा पेलावा, ओततांना धार कशी पडावी, तो घासून स्वच्छ कसा व्हावा, त्यास धातु किती लागावी व किंमत काय पडावी, अशा अनेक प्रश्नांचीं उत्तरें त्या एका आकारांत सामावलेलीं आहेत, हें त्यांनीं दाखवून दिलें. तो लोटा कोणा एका कारागिरानें घडविला नाहीं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनीं त्याचा आकार ठरत गेला. परंतु कारखान्यांतून रोज नवी वस्तु बाहेर पडूं लागली म्हणजे पिढ्यांची वाट पाहण्यास सवड राहत नाहीं. मग तें शहाणपण शाळेंत बसून शिकणें प्राप्त होतें. त्या अहवालानंतर १९६१ सालीं अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली, व १९६९ सालीं मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्यें इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघालें. त्या केंद्राच्या उभारणींत ज्यांचा मोठा वांटा, ते सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून पुढें जर्मनींतील उल्म येथील नामांकित डिझाइन-शाळेंत शिकून आले होते. १८५७ सालीं निघालेल्या जे. जे. शाळेची परंपरा अशा रीतीनें यंत्रविद्येच्या अंगणांत येऊन पोहोंचली.

या विद्येनें आपल्या नित्याच्या जीवनांत काय भर घातली, असें कोणी विचारील. वाचकहो, आपल्या खिशांतील नोटेवरचें रुपयाचें चिन्ह पाहा. देवनागरी 'र' व रोमन 'आर' यांचा मेळ घालून वर शिरोरेषा दिलेलें तें चिन्ह सरकारनें १५ जुलै २०१० रोजीं स्वीकारलें. तें काढणारे डी. उदयकुमार हे पवईच्या याच केंद्राचे विद्यार्थी. मतदानाचें जें यंत्र आपण बोटानें दाबतों, त्याचें बाह्यरूप ठरविण्याचें कामही याच केंद्रांतील अध्यापकांनीं केलें. निरक्षर मतदारासही आपली खूण ओळखून बटण दाबतां यावें, हा त्यांतील मुख्य प्रश्न. संगणकावर मराठी वाचतांना 'मंगल' नांवाचें जें अक्षर आपल्या दृष्टीस पडतें, तें कवि व अक्षरकार र. कृ. जोशी यांचें, आणि त्यांनींही पवईस वर्षानुवर्षें अध्यापन केलें. अक्षराची ही चिंता आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत देवनागरीचे सुबक खिळे पाडण्यासाठीं एकोणिसाव्या शतकांत टॉमस ग्रॅहम यांनीं परिश्रम केले. त्याच छापखान्यांत उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनीं पुढें १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, व त्याच्या टायपाची कीर्ति सर्व देशभर झाली. त्या काळीं ही विद्या छापखान्यांत उमेदवारी करून मिळे. आज ती विद्यापीठांत मिळते, इतकाच भेद.

आतां ही पदवी मिळवावयाची कशी? बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी वा पदविका घेतलेला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी यास पात्र होऊं शकतो; अभियंता, वास्तुशास्त्रज्ञ, चित्रकार, विज्ञानाचा वा वाङ्मयाचा पदवीधर, सर्वांस वाट मोकळी आहे, मात्र विशिष्ट अभ्यासक्रमाची विशिष्ट अट असल्यास ती पाहून घ्यावी. आय. आय. टी. संस्थांसाठीं 'सीड' नांवाची सामायिक परीक्षा मुंबईची आय. आय. टी. घेते. तिचे दोन भाग असतात. पहिला संगणकावर द्यावयाचा. त्यांत निरीक्षण, तर्क व अवकाशाची कल्पना यांची पारख होते. दुसरा कागदावर, पेन्सिलीनें. त्यांत चित्र काढून आपला विचार मांडावयाचा असतो. वयाची अट नाहीं, व परीक्षेस कितीदां बसावें यासही बंधन नाहीं. त्यानंतर त्या त्या संस्थेंत मुलाखत होते व विद्यार्थ्यानें आजवर केलेल्या कामाचा संग्रह पाहिला जातो. अहमदाबादची संस्था आपली परीक्षा स्वतंत्रपणें घेते.

पदव्युत्तर शिक्षण दोन तऱ्हांचें असतें. एकांत विद्यार्थी एकच विषय घेऊन संशोधन करतो व प्रबंध लिहितो. दुसऱ्यांत ठरलेला पाठ्यक्रम तासांनीं, प्रात्यक्षिकांनीं व प्रकल्पांनीं पुरा करावयाचा असतो. एम्. डेस्. ही पदवी मुख्यत्वें या दुसऱ्या जातीची. तेव्हां ती सोपी, असा तर्क कोणी करील तर तो फसेल. आमच्या विद्यार्थिनीनें सांगितलें कीं, अभियांत्रिकीच्या चार वर्षांत जितकी जागरणें झालीं नव्हतीं तितकीं येथें पहिल्या चार महिन्यांत झालीं. आकार, रंग, द्रव्य, अक्षर, माणसाच्या शरीराचीं मापें, कामाच्या संवयी हें सर्व शिकावयाचें. आणि शिकलेलें लगेच हातानें करून दाखवावयाचें. दर प्रकल्पाच्या शेवटीं परीक्षकमंडळ बसतें. त्यास तेथें 'ज्यूरी' म्हणतात. विद्यार्थ्यानें आपली वस्तु मांडून तिच्यावरील प्रश्न उभ्यानें झेलावयाचे. पाठांतरावर वेळ मारून नेण्यास तेथें जागा नाहीं. तिनें पहिल्या ज्यूरीस एक सुबक नमुना नेला असतां, "हें ठीक, पण हें वापरणारा माणूस तुम्हीं पाहिला आहे का?" एवढाच प्रश्न आला, व ती निरुत्तर झाली.

पुढच्या प्रकल्पासाठीं तिनें जें केलें तें आम्हांस तिच्या पित्याकडून कळलें. एका सुटींत ती त्यांच्यासह पहाटेच्या गाडीनें निघाली व दिवसभर त्यांच्या मागें बसून त्यांचे हात पाहत राहिली. एका हातांत तिकिटाचें यंत्र, दुसऱ्यांत नोटा, गाडी वळली कीं कोपरानें दांडा धरावयाचा, आणि पट्ट्याचा सारा भार एका खांद्यावर. रात्रीं जेवतांना तिनें विचारलें, "बाबा, खांदा कुठं दुखतो?" ही हकीकत सांगतांना त्या गृहस्थांचा आवाज जड झाला. ते म्हणाले, "सर, एवढी वर्षं झाली नोकरीला. हे मला कोणी विचारलं नव्हतं. मीही घरात कधी बोललो नव्हतो." पोरीनें चित्रें काढीत बसावें काय, हा प्रश्न त्यांनीं त्यानंतर आम्हांस पुन्हां केला नाहीं.

ही गोष्ट आम्ही डोळ्यांत पाणी आणण्यासाठीं सांगत नाहीं. तिनें काढलेला पट्ट्याचा नमुना नमुनाच राहिला. तो कोणा महामंडळानें घेतला नाहीं. पदवी मिळाल्यावर तिला जें काम मिळालें त्याचा पगार जुन्या नोकरींत राहिली असती तर आज मिळाला असता त्याहून फार अधिक नाहीं. दोन वर्षांच्या हप्त्यांचा भार घरानें ओढाताणीनें वाहिला. हा हिशेब पालकांपासून लपवून या विद्येची थोरवी गाणें म्हणजे त्यांची फसवणूक होय. सरकारी संस्थांत कांहीं विद्यार्थ्यांस अध्यापन-साहाय्याबद्दल विद्यावेतन मिळतें. परंतु तें सर्वांस मिळेलच असें नाहीं. म्हणून शुल्क, वसतिगृह, साहित्य व दोन वर्षांचा बुडालेला पगार हे चार आंकडे कागदावर मांडल्यावांचून कोणीही निर्णय घेऊं नये. खाजगी संस्थांचें शुल्क तर पुष्कळदां सामान्य घरास पेलण्यासारखें नसतें. तेथें घर गहाण टाकून जाण्यापेक्षां वर्षभर थांबून पुन्हां परीक्षेस बसणें शहाणपणाचें.

तर मग ही पदवी कोणीं घेऊं नये? जो केवळ गणितास भिऊन या वाटेस वळतो, त्यानें घेऊं नये. गणित त्यास येथेंही गांठील. आपली नोकरी कंटाळवाणी वाटते, एवढेंच ज्याचें कारण, त्यानेंही घेऊं नये. कंटाळा मनुष्याबरोबर वसतिगृहांतही जातो. जो तयार कामाचा संग्रह पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेतो, त्यानें तर कदापि घेऊं नये. असे संग्रह करून देणारे लोक असतात, असें आमच्या कानीं आलें आहे. मुलाखतींत कदाचित् तें खपेल. पण पहिल्याच ज्यूरींत हात उघडे पडतील, आणि त्याहून वाईट गोष्ट ही कीं, खऱ्या कष्टाळू मुलाची जागा त्यानें अडविलेली असेल.

आणि कोणीं घ्यावी? ज्यास एखादी वस्तु अडखळतांना दिसली कीं ती अडखळ मनांतून जात नाहीं, त्यानें. आमचें मत असें कीं, प्रथम एका पक्क्या विषयाची पदवी घ्यावी. मग शक्य तर वर्ष-दोन वर्षें प्रत्यक्ष काम करावें. आणि त्यानंतर या वाटेस लागावें. बारावीनंतर लगेच डिझाइनची पदवी घेण्याची सोयही आतां आहे व ती कोणास मानवत असेल. त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु ज्यानें कारखान्यांतला घाम, दवाखान्यांतली रांग किंवा दुकानांतला गल्ला पाहिला आहे, तो या अभ्यासास कांहीं प्रश्न बरोबर घेऊन येतो. आणि प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी रिकाम्या हातानें परतत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल. कोणी म्हणेल, "पदवीवांचून काय अडलें? लोटा घडविणाऱ्याजवळ कोणती पदवी होती?" आक्षेप खरा आहे. जयपूर येथें १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी यांच्यासह ज्यांनीं प्रसिद्ध 'जयपूर फूट' घडविला, ते रामचंद्र शर्मा हे कारागीर. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. परदेशी कृत्रिम पायानें मांडी घालून बसतां येत नसे, अनवाणी चालतां येत नसे, शेताच्या चिखलांत उतरतां येत नसे. आपल्या माणसास नेमकें हेंच करावें लागतें, हें त्यांनीं ओळखलें व रबराचा पाय घडविला. पदवीनें दृष्टि येतेच असें नाहीं, हें आम्ही कबूल करतों. मात्र दृष्टि असलेल्या मनुष्यास द्रव्यांचें ज्ञान, सोबत्यांची संगत, चुका करण्याची मुभा व त्या चुका दाखविणारे गुरु दोन वर्षें एका जागीं मिळाले, तर त्याची वाट लवकर सरते. पदवीचें मोल तेवढेंच. तें कमी नाहीं व अधिकही नाहीं.

आतां थोडें आमच्या स्वतःविषयीं. इतरांस उपदेश करून आपण नामानिराळें राहणें शिक्षकास शोभत नाहीं. दहावीचें वर्ष आलें कीं चित्रकलेचा तास, शारीरिक शिक्षणाचा तास व कार्यानुभवाचा तास यांवर आम्हां भाषा-गणिताच्या शिक्षकांची नजर जाते. "एवढा तास द्या, माझा भाग राहिला आहे," असें म्हणून आम्हीं तो कितीदां मागितला असेल, याची गणती नाहीं. कलाशिक्षक बिचारे भिडस्त; ते देत आले. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांस मुलें बसतात खरीं. परंतु पुष्कळांच्या मनांत दहावीस मिळणाऱ्या वाढीव गुणांचाच हिशेब असतो, आणि आम्हींही त्यांस तेवढेंच सांगत आलों. पेन्सिल हें विचार करण्याचें साधन आहे, पाहण्याची शिस्त आहे, हें आम्हीं वर्गांत कधीं उच्चारलें नाहीं. त्या मुलीचा तास आम्हीं घेतला. तिनें तो आठ-नऊ वर्षांनीं, नोकरी सोडून, कर्जाचा भार सोसून परत मिळविला. तिचें कौतुक करतांना ती किंमत तिला कां द्यावी लागली, हा प्रश्न आम्हांस स्वतःस विचारावाच लागतो. आणि ज्यांस तो तास कधींच परत मिळाला नाहीं, अशीं मुलें किती असतील?

म्हणून यंदाच्या शिक्षकसभेंत आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें कीं, यापुढें चित्रकलेचा तास आम्ही मागणार नाहीं. आमचा भाग राहिला तर तो दोष आमच्या नियोजनाचा. कांहीं सहकारी हंसले, कांहींनीं मान डोलविली, आणि कलाशिक्षक कांहीं न बोलतां खिडकीबाहेर पाहत राहिले. पहिल्या घटक-चाचणीनंतर हा निश्चय पाळणें जड गेलें, हेंही येथें नमूद करतों. पण अद्याप तो मोडलेला नाहीं.

पालकहो, आपल्या पाल्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर यंत्रें, गाड्या, खुर्च्या काढलेल्या सांपडल्या तर तें पान फाडूं नका. तें काय आहे, असें त्यास विचारा. आणि तो सांगूं लागला म्हणजे पुरतें ऐका. प्रत्येक मूल त्या वाटेस जाईल असें नाहीं व जाण्याचें कारणही नाहीं. आणि विद्यार्थिमित्रहो, पदवीचा विचार तुम्हांस अजून लांबचा आहे. आज एवढेंच करा. पांचवीच्या वर्गाचे बाक पाहून या. त्यांवर बसलेल्या लहानग्यांचे पाय जमिनीस टेकतात कीं लोंबकळतात? आम्ही वीस वर्षें त्या वर्गावरून ये-जा करीत आलों. पाय लोंबकळतात, हें आमच्या ध्यानांत यंदाच आलें. तुम्ही पाहा, मोजा, कागदावर काढा, आणि तें चित्र घेऊन आमच्याकडे या. मुख्याध्यापकांकडे तें आम्ही स्वतः घेऊन जाऊं.